पाण्यात म्हैस, बाहेर मोल: जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पुण्यात एप्रिल-मे उजाडला की जुन्या सामानाच्या जाहिरातींना ऊत येतो. कुणाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपलेला असतो, कुणाची बदली झालेली असते, कुणी बंगळूरला निघालेलं असतं, कुणाची शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपलेली असते. फ्रिज, पलंग, स्टडी टेबल, सगळं महिनाअखेरीच्या आत घराबाहेर काढायचं असतं. जून-जुलैत नवे विद्यार्थी शहरात उतरले की त्याच टेबलाचा भाव चढतो. त्यामुळे घरसामान घ्यायचं असेल तर मेमध्ये घ्या आणि विकायचं असेल, शिवाय ठेवायला जागा असेल, तर जूनअखेरीची वाट पाहा. कूलरचं मात्र उलटं आहे, तो पहिला पाऊस पडल्यावर घ्यावा.

जुन्याची देवघेव आपल्याला नवी नाही. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आप्पा बळवंत चौकातली वापरलेली पुस्तकं. तिथे वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून मगच भाव बोलला जायचा. ऑनलाइन व्यवहारात आधी भाव ठरतो आणि वस्तू नंतर दिसते. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ म्हणतात ते हेच. फसवणुकीचे बहुतेक प्रकार याच फटीतून आत शिरतात. पैसे एका वेळी जातात आणि वस्तू दुसऱ्या वेळी येते किंवा येतच नाही. म्हणून पुढचं सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा: वस्तू आणि पैसे यांची देवघेव एकाच ठिकाणी, एकाच वेळी, दोघांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी.

आधी ठरवा: ही वस्तू जुनी घेण्यासारखी आहे का?

ज्या वस्तूची किंमत दुकानाबाहेर पडताच कोसळते पण जी लवकर झिजत नाही, ती जुनी घ्यावी. गिअरची सायकल, गिटार, लाकडी टेबल, पुस्तकांचं कपाट, लहान मुलांचा पाळणा, डंबेल्स. ट्रेडमिल तर जुनाच घ्यावा. निम्म्या घरांत त्याच्यावर कपडेच वाळत असतात, त्यामुळे यंत्र जवळपास नवं मिळतं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. त्याआधीच्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचे गठ्ठे अजूनही ‘संपूर्ण सेट’ म्हणून विकायला येतात.

हेल्मेट जुनं घेऊ नये, कारण आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसतं. मोटारीतली लहान मुलांची सीटही त्याच कारणाने नको. गादीत ढेकूण असतील तर ते घरभर होतात. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात, ग्राहकाने फक्त अनामत भरलेली असते. कुणी ‘कनेक्शनसकट शेगडी’ विकत असेल तर शेगडी घ्या आणि कनेक्शन एजन्सीतून नावावर करून घ्या.

वाहतुकीचा खर्च नवखे हमखास विसरतात. समजा फ्रिज सात हजारांना मिळाला. छोटा हत्ती बाराशे, दोन माणसांची हमाली सहाशे, लिफ्टमध्ये मावला नाही तर तिसऱ्या मजल्यापर्यंत आणखी काही. पोहोचेपर्यंत तो नऊ हजारांच्या घरात जातो, आणि सणासुदीच्या सेलमध्ये छोटा नवा फ्रिज वॉरंटीसह त्याहून फार महाग नसतो. मोठं घरसामान आपल्या सोसायटीतलं किंवा पलीकडच्या गल्लीतलं मिळालं तरच खरा फायदा होतो.

कायद्याच्या बाजूनेही अपेक्षा माफक ठेवा. ग्राहक आयोगात दाद मागता येते ती व्यापाऱ्याविरुद्ध किंवा सेवा देणाऱ्याविरुद्ध. घरातला एखादा मिक्सर विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. म्हणजे घरी नेल्यावर मिक्सर बंद पडला तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

कुठे शोधायचं

सोसायटीचा किंवा ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही सर्वांत चांगली जागा. माणूस उद्याही लिफ्टमध्ये भेटणार असतो, त्यामुळे खोटं बोलायची हिंमत कमी होते. तिथे भाव थोडा जास्त द्यावा लागला तरी द्यावा, असं माझं मत आहे.

त्यानंतर फेसबुक मार्केटप्लेस. तिथे समोरच्याचं प्रोफाइल उघडून पाहता येतं. खातं कधीचं आहे, फोटोंवर खऱ्या माणसांच्या प्रतिक्रिया आहेत का, एकच माणूस चार शहरांत तीच मोटारसायकल विकतोय का, हे दोन मिनिटांत कळतं. ओएलएक्सवर माल सर्वांत जास्त, पण दलालही तितकेच. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा भारतातला व्यवसाय २०२३ पासून कारट्रेड टेककडे आहे. मंच कोणाचाही असो, तो फक्त गाठ घालून देतो. वस्तूची हमी त्याची नसते.

फोन विकायचा असेल तर कॅशिफायसारख्या थेट विकत घेणाऱ्या कंपन्यांचा पर्याय आहे. त्या बाजारभावापेक्षा कमी देतात आणि अंतिम आकडा फोन तपासल्यावरच ठरतो. पण अनोळखी माणसांची ये-जा टळते. ज्यांना घरी एकटं असताना कुणी यायला नको, त्यांच्यासाठी दोन-तीन हजारांचा तो तोटा परवडणारा आहे.

भाव कसा ठरवायचा

बिलावरची किंमत विसरा. तीच वस्तू, किंवा तिच्या जागी आलेलं नवं मॉडेल, आज सेलमध्ये कितीला मिळतं तो आकडा घ्या आणि त्याच्या खाली या. विकणाऱ्याला हे पटत नाही, कारण त्याला आपण मोजलेले पैसे आठवत असतात. मग आपल्या शहरात तशाच वस्तूच्या दहा-बारा जाहिराती पाहा आणि किती जुन्या आहेत ते बघा. महिनाभर पडून असलेल्या जाहिरातीतला भाव हा विकला न जाणारा भाव असतो.

मागायची किंमत मनातल्या किमतीपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी वर ठेवा. घासाघीस होणारच. ‘फिक्स’ लिहिलंत तरी होणार.

फार स्वस्त दिसलं तर? दीड वर्ष वापरलेला महागडा आयफोन बारा हजारांत मिळत असेल तर तो चोरीचा, आतून बदललेला किंवा अस्तित्वातच नसलेला असतो.

विकणार असाल तर: जाहिरात

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, कंपनीच्या साइटवरचे उचलू नका. ओरखडा असेल तर त्याचा जवळून फोटो टाका. दोष आधीच दाखवला की दारात येऊन ‘अहो, हे तर सांगितलंच नव्हतं’ म्हणत हजार रुपये पाडणारे गप्प बसतात. फ्रिज असेल तर लांबी-रुंदी-उंची लिहा, मजला लिहा, लिफ्ट आहे की नाही ते लिहा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

फोटोत घराचा पत्ता, गाडीची नंबरप्लेट, भिंतीवरची मुलांच्या शाळेची प्रमाणपत्रं येऊ देऊ नका. बिलाचा फोटो टाकलात तर नाव, मोबाइल नंबर आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) झाका. ठिकाण म्हणून फक्त भाग लिहा, ‘कोथरूड’ किंवा ‘डोंबिवली पूर्व’. इमारतीचं नाव माणूस यायला निघाल्यावर सांगा.

बोलणी

पहिला मेसेज जवळपास नेहमी एकच असतो: ‘अव्हेलेबल आहे का?’ दुसरा: ‘भाऊ, लास्ट किती?’ वस्तू न पाहता ‘लास्ट’ विचारणाऱ्याला आकडा सांगू नका. ‘या, बघा, मग बसून बोलू’ एवढं उत्तर पुरे. खरा गिऱ्हाईक येतो. तरी सांगून न येणारे बरेच असतात, त्यामुळे एकाच्या भरवशावर बाकीच्यांना नाही म्हणू नका. जो आधी येऊन पैसे देईल त्याची वस्तू, हे सर्वांना आधीच सांगून ठेवलं की वाद होत नाही.

आता ज्याच्यापासून पळायचं तो माणूस. भाव करत नाही, वस्तूबद्दल एकही प्रश्न विचारत नाही, लगेच ‘घेतो’ म्हणतो. मग सांगतो की मी लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे, स्वतः येऊ शकत नाही, माणूस पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो. ओळखपत्राचा, कॅन्टीन कार्डाचा, गणवेशातला फोटोही येतो. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही सांगितली जाते: जवान आपली बुलेट कवडीमोल भावात विकतो आहे, गाडी ‘आर्मीच्या पार्सलने’ येईल, फक्त वाहतुकीचे तीन हजार आधी भरा. मग विमा, मग जीएसटी, मग ‘गाडी नाक्यावर अडकली’. गणवेशाबद्दलचा आपला आदरच इथे गळाला लावलेला असतो. सैन्य कुणाची खासगी मोटारसायकल तुमच्या दारात आणून देत नाही.

वस्तू तपासणे: मोबाइल

सर्वांत जास्त व्यवहार आणि सर्वांत जास्त घोटाळे मोबाइलचे, म्हणून इथे जरा थांबू.

फोन हातात आला की डायलरवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय दिसेल; दोन सिमच्या फोनला दोन असतात. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग केवायएम हे तीन अक्षरी शब्दरूप इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी अ‍ॅपवरही हेच करता येतं. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. ते हातातल्या फोनशी जुळत नसेल, किंवा नंबर काळ्या यादीत आहे, दुबार आहे, असं आलं तर फोन परत देऊन निघा. चोरीचा फोन तक्रारीनंतर कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. शिवाय वस्तू चोरीची आहे हे माहीत असूनही, किंवा तसं वाटायला जागा असूनही, ती घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही, खोकं नाही, भाव अर्धा, अशी वस्तू घेणाऱ्याला ‘मला काय माहीत’ म्हणणं जड जातं.

नंतर फोन विक्रेत्याला तुमच्या समोर रीसेट करायला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करायला लावा. हे सर्वांत महत्त्वाचं. रीसेटनंतर फोन जुना गूगल किंवा अ‍ॅपल पासवर्ड मागत असेल आणि समोरच्याला तो येत नसेल, तर फोन त्याचा नाही. असला फोन पेपरवेट म्हणूनच वापरता येतो. ‘घरी गेल्यावर पासवर्ड पाठवतो’ यावर विश्वास ठेवायचा नाही.

उरलेलं पंधरा मिनिटांचं काम: स्वतःचं सिम घालून एक फोन लावा, पलीकडच्याला आवाज नीट येतो का विचारा. पांढरा फोटो उघडून स्क्रीनवर डाग किंवा पिवळट पट्टा दिसतो का बघा. एखादं अ‍ॅपचं चिन्ह दाबून धरून संपूर्ण स्क्रीनभर फिरवा, जिथे सुटेल तिथे टच मेला आहे. पुढचा-मागचा कॅमेरा, फ्लॅश, बोटाचा ठसा, वायफाय. सोबत आपला चार्जर न्या. आयफोनमध्ये बॅटरीची क्षमता टक्क्यांत दिसते आणि नव्या मॉडेल्समध्ये कुठले भाग बदलले आहेत तेही सेटिंगमध्ये कळतं. पाठ किंचित फुगलेली वाटली तर तो बॅटरीचा दोष आहे, असा फोन फुकटही घेऊ नका.

लॅपटॉप आणि घरसामान

लॅपटॉपमध्ये, विशेषतः पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी पट्ट्यात, एकच प्रश्न आधी विचारा: कंपनीचा आहे का? नोकरी सोडताना परत न केलेले लॅपटॉप बाजारात येतात. ते रीसेट केले, इंटरनेटला जोडले की कंपनीचा लॉगिन मागतात. म्हणून वायफाय जोडून नव्याने सुरू होऊ द्या, मगच पुढे बोला. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा.

फ्रिज चालू अवस्थेत बघायला जा, आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा. दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर दाराचं रबर गेलं आहे. नेताना उभाच न्या आणि घरी आणल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करा. एसीच्या लेबलवर वर्ष बघा. वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या पाचाइतके नसतात. काढणं, बसवणं, तांब्याची नळी आणि गॅस यांचा खर्च धरला तर जुना एसी क्वचितच परवडतो. मी तरी कुणाला घ्या म्हणत नाही.

वॉशिंग मशिनचा ड्रम हाताने फिरवा, घरघर आली तर बेअरिंगचं काम निघणार. फर्निचरची मागची बाजू बघा. भुसा सांडलेला, ठोकल्यावर पोकळ आवाज, म्हणजे वाळवी किंवा भुंगा. पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा खोललं की स्क्रू पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत. सागवानी पलंग मात्र चार घरं बदलूनही तसाच राहतो.

पैसे देणे-घेणे

यूपीआयचा पिन फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठली लिंक उघडावी लागत नाही. ‘मी कोड पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील’ असं सांगणारा तुमच्या खात्यातून पैसे काढतोय. विश्वास बसावा म्हणून तो आधी एक-दोन रुपये खरोखर पाठवतो. आवळा देऊन कोहळा काढायचीच ही रीत आहे. दोन व्यक्तींमधली पैसे मागण्याची कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरचा सापळा अजून आहे.

विक्रेत्याने खरेदीदाराच्या फोनवरचा हिरवा टिक बघून वस्तू सोडू नये, तशी खोटी स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. एसएमएसही खोटा पाठवता येतो. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच पैसे आले. ‘सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळात दिसतील’ म्हणाला तर चहा पाजा आणि दिसेपर्यंत बसवून ठेवा.

खरेदीदाराने वस्तू न पाहता टोकन देऊ नये, पाचशेसुद्धा नाही. ‘दुसरे दोघं यायला निघालेत’ ही घाई लावण्याची जुनी युक्ती आहे.

आता एक धोका, ज्याची विक्रेत्यांना कल्पनाच नसते. एखादा भामटा तुमच्याकडून फोन घेतो, पण पैसे स्वतःच्या खात्यातून देत नाही. दुसरीकडे कुणाला तरी गंडवून त्या बिचाऱ्याला तुमच्या यूपीआयवर पैसे टाकायला लावतो. तो माणूस सायबर पोलिसांत तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तेवढी रक्कम अडकते, कधी अख्खं खातं गोठतं. फोन गेलेला, पैसे अडकलेले, आणि कुठल्या तरी परराज्यातल्या ठाण्याशी पत्रव्यवहार. त्यामुळे पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एकच आहे ना, हे पाहा. ‘भावाच्या खात्यावरून टाकतो’ म्हणाला तर नम्रपणे रोख मागा. जाहिरातीचा, चॅटचा आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. साध्या कागदावर वस्तू, आयएमईआय किंवा सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या, एवढी पावती पुरते. ओळख म्हणून आधार दाखवायची वेळ आली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार वापरा.

मोठ्या रकमेसाठी आधीच तयारी ठेवा. यूपीआयवर एका व्यक्तीला दिवसाला साधारण एक लाखाची मर्यादा असते, आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले चोवीस तास ती पाच हजारांवर येते. बँकेत नवा लाभार्थी जोडल्यावरही बऱ्याचदा काही तास थांबावं लागतं. रोख देणार असाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा.

भेट दिवसा ठेवा. फोन, कॅमेरा, घड्याळ असलं काही असेल तर मेट्रो स्टेशनवर किंवा गजबजलेल्या हॉटेलात. जड सामानासाठी घरीच बोलवावं लागतं, तेव्हा कुणाला तरी सोबत ठेवा आणि शक्य असेल तर वस्तू आधी हॉलमध्ये काढून ठेवा, म्हणजे आतल्या खोल्या दाखवाव्या लागत नाहीत.

गाडी असेल तर

चावी आणि पैसे यांची देवघेव झाली की दुचाकीचा व्यवहार संपला असं बहुतेकांना वाटतं. कागदावर तो तेव्हा सुरू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, परराज्यात न्यायची असेल तर फॉर्म २८. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तीन हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडू शकते. म्हणून ‘सह्या करून ठेवतो, नावावर तुम्ही सावकाश करा’ असं म्हणणारा विक्रेता स्वतःचंच नुकसान करून घेतो.

गाडी देताना तारखेसोबत वेळही लिहिलेली ताबा पावती करा. संध्याकाळी साडेसहाला गाडी गेली आणि सातला सिग्नल तुटला तर चलन कोणाचं, हे त्यावरून ठरतं. फास्टॅग बंद करा. विमा नव्या मालकाच्या नावावर १४ दिवसांत बदलून घ्यायचा असतो, मात्र नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचाच राहतो. तो आपल्या पुढच्या गाडीसाठी मागून घ्या, बरेच जण सोडून देतात.

घेणाऱ्याने एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून सध्याचा मालक कितवा आहे ते, विमा, कर्जाची नोंद पाहावी, थकलेली चलनं तपासावीत आणि चासी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरचे आकडे सहसा खरे असतात.

फोन विकण्यापूर्वी

बॅकअप घ्या. यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून नोंदणी काढा, गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग रीसेट करा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केला तर घेणाऱ्याकडे फोन कुलूपबंद होतो आणि रात्री अकरा वाजता त्याचा फोन येतो. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही. ती पूर्ण पुसा किंवा काढून ठेवा.

पैसे गेलेच तर

१९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवा, लगेच. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जायच्या आत अडवता आले तर परत मिळायची आशा असते आणि हे काम काही तासांत हातातून जातं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पेमेंटच्या तपशिलात दिसणारा संदर्भ क्रमांक), समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडी हाताशी ठेवा. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेला स्वतंत्रपणे कळवा. पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर बँक सहसा भरपाई देत नाही, तरी कळवणं चुकवू नका, कारण नंतरच्या कारवाईला ती तारीख लागते. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ असं सांगत कुणी फोन केला, तर तो त्याच टोळीचा पुढचा माणूस आहे.

जे विकलं जात नाही

पाचशे रुपयांच्या आतल्या वस्तूची जाहिरात करू नये असं मला वाटतं. त्यातून येणारे फोन आणि फेऱ्या यांचा हिशेब जमत नाही. घरी येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनना आधी विचारा, पण हवी आहे का असं विचारा; मोडकं सामान गळ्यात मारू नका. पुस्तकं वस्तीतल्या अभ्यासिकेला द्या. बंद पडलेले चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या, जुने राउटर रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत वर्षातून एखादा दिवस असं संकलन होतं, तोपर्यंत ते एका पत्र्याच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.